चिकटलेला पत्ता

३ फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

एक वर्ष अकरा महिने मी तुला काही लिहिलं नाही, त्याबद्दल माफ कर. माफी मागावी असं याहून मोठं काही आहे हे मला माहीत आहे, पण सुरुवात लहानापासून करते. फोन तू उचलत नाहीस. मेसेज लिहायला घेतला की मी तो पुसत बसते, शेवटी 'कसा आहेस' एवढंच उरतं आणि तेही पाठवत नाही. कागदावर खोडलेलं निदान दिसतं. तुझा पत्ता आईकडून घेतला. पत्त्यावरून झालेल्या भांडणाचं पत्र तुझ्या पत्त्यावर. यावर तू काहीतरी फालतू विनोद केला असतास, मी हसले नसते, आणि तू मला 'हेडबाई' म्हणाला असतास.

लिहिण्याचं कारण असं की मी पत्त्यांच्या मोठ्या स्पर्धेला जातेय. वीस आणि एकवीस तारखेला. नऊशे खेळाडू आहेत. पहिल्या दिवशी आठ राउंड, त्यातले सहा जिंकले तर दुसरा दिवस. मागच्या वेळी जागा मिळाली तेव्हा मी आजारी असल्याचं कळवलं होतं. आजारी नव्हते. अशी न वापरलेली जागा एकदा पुढे ढकलता येते, तशी ती ढकलली. म्हणजे ही तीच जागा आहे, निवड स्पर्धेच्या शेवटच्या राउंडमध्ये तुला हरवून मिळालेली. हे तुला क्लबमधल्या कोणाकडून कळू नये असं वाटलं.

त्या दिवशी काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, तू समोरच होतास. तरी लिहिते, कारण मी ते स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की त्याचे कोपरे झिजलेत. एकदा तुझ्यासमोर ठेवून बघायचंय.

तुझी खेळी होती. डेकवरून एक पत्ता उचलायचा असतो. तू पत्त्यांना नवी प्लास्टिकची कव्हरं घातली होतीस, ती एकमेकांना चिकटत होती. एकाऐवजी दोन पत्ते आले आणि तुला कळलं नाही. पुढे मी हात वर करून पंचांना बोलावलं. त्यांनी तुझ्या हातातले पत्ते मोजले. पाच हवे होते, सहा होते. तू माझ्याकडे बघून हळूच म्हणालास, "सांडलं, ताई."

हा आपल्या घरातला शब्द. लहानपणी कोणाकडून पाणी सांडलं की आई म्हणायची, सांडलं, पुसा, पुढे चला. मग आपण पत्ते खेळताना कोणाची चूक झाली की 'सांडलं' म्हणायचं, पत्ता परत ठेवायचा आणि कोणी कोणाला बोलायचं नाही. पंचांनी मला विचारलं, "काय म्हणाले ते?" मी सांगितलं, "चूक झाली, असं म्हणतोय." अर्थ बरोबर होता. पण पंचांना वाटलं, तुला चूक आधीपासून माहीत होती आणि पकडल्यावर तू कबूल करतोयस. मी पुढे काही बोलले नाही. डाव मला मिळाला आणि तुझ्या नावापुढे 'फसवणुकीचा संशय' असा शेरा बसला.

मला दिसलं तेव्हा मी हात वर केला. नियम तसाच आहे.

उत्तर नाही आलं तरी चालेल.

ताई

११ फेब्रुवारी

भुंग्या,

तुझं कार्ड मिळालं. पहिल्या ओळीत आईच्या रक्तदाबाच्या नव्या गोळ्यांची नावं आणि दुसऱ्या ओळीत, "तुला कधी दिसलं होतं?" खाली नावसुद्धा नाही. तरी मी ते लॅबमध्ये नेलं आणि एप्रनच्या खिशात ठेवलं.

दिवसभर मोजण्यात चुका झाल्या. माझं काम तुला ठाऊक आहे: काचेवर रक्ताचा थर, खाली भिंग, शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. प्रत्येक प्रकाराला मोजणीयंत्राची एक कळ, शंभर भरले की घंटी वाजते. आज घंटी वाजल्यावरही मी कळ दाबत राहिले. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, या पेशंटची बेरीज एकशे चार येतेय. चार पेशी घरून आणल्यात काय?" बाकीचे हसले. मी ती काच पुन्हा मोजली, मग त्याआधीच्या सगळ्या.

एकवीस वर्षं मी जगण्यासाठी मोजतेय. समोरच्या माणसाच्या हातात पाच पत्ते आहेत की सहा हे मला दिसणार नाही, यावर कोण विश्वास ठेवेल?

म्हणून उत्तर देते. मागच्या पत्रात लिहिलं ते खरं नव्हतं. मला एक खेळी आधी दिसलं होतं. वाटलं, आपलीच मोजण्यात चूक असेल. खात्री करून घ्यावी म्हणून एक खेळी थांबले.

रविवारी आई राहायला आली होती. मी जेवणाच्या टेबलावर डेक मांडून सराव करत होते, एकटीच दोन्ही बाजूंनी. ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "त्याच्या बाजूने खेळताना तरी नीट खेळ."

"कोणाच्या?"

"मला काय माहीत नाही का, समोर कोण बसवलंयस ते."

मी पत्ते आवरले. ती म्हणाली, "चाळिशी ओलांडलेली दोन माणसं, आणि भांडण कशावरून तर पत्त्यांवरून. शेजारीण विचारते, बहीणभावांचं काय बिनसलं. जमिनीवरून भांडला असतात तर सांगायला तरी बरं पडलं असतं."

"तू काय सांगतेस तिला?"

"जमिनीवरून, असंच सांगते."

मला हसू आलं. तिला आलं नाही. मग तिने तुझं सांगितलं. तू पंचाची परीक्षा द्यायला दोनदा अर्ज केलास आणि दोन्ही वेळा त्या शेऱ्यामुळे तो परत आला. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात काम करून घरी आलास की नियमपुस्तक घेऊन बसायचास, आता ते कपाटावर टाकलंयस. पंच व्हायचं तू कॉलेजात असल्यापासून म्हणत होतास. हरल्याबद्दल तू इतके दिवस रागावणार नाहीस, हे मला कळायला हवं होतं. मला वाटत होतं की कळलंय. आता वाटतं, ते कळू नये म्हणूनच मी फोन करणं सोडलं.

आईने विचारलं, "तू बोललीस तर तो शेरा जाईल का?"

मी म्हटलं, "एवढं सोपं नसतं."

ती म्हणाली, "म्हणजे जाईल."

ताई

२० फेब्रुवारी, दुपार

भुंग्या,

हॉलच्या बाहेरच्या जिन्यावर बसून लिहितेय. पाचवा राउंड सुरू व्हायला चाळीस मिनिटं आहेत. आत बसवत नाही. नऊशे माणसं एकदम पत्ते पिसायला लागतात तेव्हा कोंबड्यांनी भरलेल्या खुराड्यात कोणीतरी काठी घातल्यासारखा आवाज होतो. टेबलांना नंबर आहेत, हिरवं कापड आहे, प्रत्येक रांगेला एक काळ्या शर्टातला पंच. त्यातल्या एकाची चाल तुझ्यासारखी आहे, खांदे पुढे टाकून. सकाळपासून मी तीनदा रांग बदलून त्याला टाळलं.

तीन जिंकले, एक हरले. पहिला एक बँकेतला कारकून होता. प्रत्येक पत्ता टाकताना 'घ्या' म्हणायचा, जसा काउंटरवरून पावती सरकवतोय. दुसऱ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिसऱ्याकडून हरले, आणि त्याने हात मिळवून मला सांगितलं की मी फार विचार करते. चौथ्या राउंडबद्दल लिहायचंय.

समोर एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या, पांढरे केस, सत्तरीच्या असाव्यात. बसल्या बसल्या म्हणाल्या, "मी नवी आहे हो. नातवंडांना शिकवायला शिकले, ती सोडून गेली, मी अडकले." खेळत मात्र होत्या धारदार. सहाव्या खेळीला त्यांनी पत्ता उचलला आणि दोन आले. कव्हरं चिकटलेली. मला दिसलं.

मी लगेच म्हटलं, "बाई, दोन आलेत."

त्यांनी बघितलं. "अगं बाई, खरंच." मी हात वर केला. पंच आले, दुसरा पत्ता अजून हातातल्या बाकीच्या पत्त्यांत मिसळला नव्हता याची खात्री करून घेतली, तो डेकमध्ये पिसून घातला आणि गेले. शेरा नाही, दंड नाही. मी घड्याळ बघितलं. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं.

बाई मला म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही लगेच सांगितलंत. उशिरा कळलं असतं तर मी खोटारडी ठरले असते, या वयात."

पुढच्या खेळ्या मी कशा खेळले ते मला आठवत नाही. जिंकले एवढं खरं. उठताना त्यांनी विचारलं, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? तेच पत्ते तिसऱ्यांदा मोजताय तुम्ही." मी म्हटलं, चहा जास्त झाला.

आपलंही अर्ध्या मिनिटात मिटलं असतं. पाचव्या राउंडच्या जोड्या लागल्या. जाते.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

सहा जिंकले, दोन हरले. म्हणजे उद्या खेळायचं. नऊशेतले एकशे दहा उरलेत आणि त्यात मी आहे. ही बातमी ज्याला पहिल्यांदा सांगावीशी वाटली तो तू, आणि ज्याला सांगायला तोंड नाही तोही तूच.

खोलीत येऊन डेकची सगळी कव्हरं काढली, पुसली, पुन्हा घातली. मग पलंग भिंतीपासून सरकवला, मग परत जागेवर. खालच्या रस्त्यावर एक माणूस दुकानाचं शटर रंगवतोय. अर्धं झालंय, आणि तो लांब उभा राहून बघतो, पुन्हा जवळ जातो, तोच भाग रंगवतो. मी त्याच्याकडे अर्धा तास बघत होते. मी इथे बसून तेच करतेय.

एक खेळी नव्हे. दोन. एका खेळीत खात्री झाली होती, दुसरीत मी गप्प राहिले. ते पत्र टाकल्यापासून हा आकडा माझ्या मागे लागलाय.

का गप्प राहिले, हे लिहायचा प्रयत्न केला आणि तीन ओळी खोडल्या. त्या तुला दिसतीलच. पहिलीत मी दमले होते. दुसरीत, तू नेहमी जिंकतोस आणि एकदा मलाही. तिसरी मी इतकी गिरवलीय की मलाच वाचता येत नाही. साधं कारण: मी हरत होते. तुझ्याकडून पुढच्या दोनतीन खेळ्यांत हरले असते. चूक लगेच सांगितली असती तर एक पत्ता डेकमध्ये परत गेला असता आणि तू तरीही जिंकला असतास. उशिरा सांगितलं की डाव मागे नेता येत नाही आणि सबंध डाव जातो. हा नियम मला माहीत होता. तूच मला तो शिकवला होतास, क्लबच्या त्या लांब बाकावर, स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या खोलीत.

म्हणजे मला सांगता आलं असतं. गेली दोन वर्षंही सांगता आलं असतं. मुख्य पंचांना एक अर्ज. पण मग ही जागा गेली असती, आणि मी स्वतःला सांगत राहिले की जागा वापरली नाही म्हणजे झालं प्रायश्चित्त. मग ती वापरायलाही आले.

आईने फोन केला होता. "किती?" म्हणाली. मी म्हटलं, सहा. ती म्हणाली, "चांगलं आहे," आणि जेवलीस का ते विचारून फोन ठेवला.

२१ फेब्रुवारी, दुपार

भुंग्या,

बसमध्ये आहे. अक्षर हलेल.

सकाळी नवाच्या आत हॉलवर गेले. मुख्य पंच एक उंच बाई आहेत, माझ्यापेक्षा लहान. त्या एका खोक्यावर बसून जोड्यांचे कागद लावत होत्या.

मी म्हटलं, "तक्रार द्यायचीय."

"कोणावर?"

"माझ्यावर."

त्यांनी मान वर केली. "काल काही झालं का?"

"काल नाही. दोन वर्षांपूर्वी, निवड स्पर्धेत."

त्यांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, पहिला राउंड वीस मिनिटांत आहे. त्यानंतर बोललं तर चालेल?"

"त्यानंतर मी बोलणार नाही."

त्या थोडं बाजूला सरकल्या आणि खोक्यावर मला जागा केली. मी सांगितलं. 'सांडलं' या शब्दाचा अर्थही सांगितला, घरातला, आईचा. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, तेव्हाच्या पंचांनी विचारलं नव्हतं. मग स्वतःच म्हटलं, हे उत्तर नाही.

त्यांनी एक फॉर्म दिला. त्यात रकाना होता: चूक लक्षात आल्यानंतर किती खेळ्या गप्प होतात. मी 'दोन' लिहिलं. पुढचा रकाना: कारण. मी 'जिंकण्यासाठी' लिहिलं.

त्या म्हणाल्या, "असं कोणी लिहीत नाही. सगळे 'गोंधळ झाला' लिहितात."

"गोंधळ नव्हता."

"दिसतंय." मग त्यांनी नियम वाचून दाखवला, मला पाठ आहे हे त्यांना कसं माहीत असणार. दोन खेळ्यांपर्यंत गप्प राहिलं तर तो 'विलंब', एक वर्ष खेळायला बंदी. माझं नाव त्यांनी यादीतून तिथेच काढलं, पेनने, एक आडवी रेघ. तुझ्याबद्दल म्हणाल्या, "तुमच्या भावाचा शेरा सौम्य होईल. 'निष्काळजीपणा' असा. पंचाच्या परीक्षेला आणखी वर्षभर थांबावं लागेल त्यांना."

"पूर्ण नाही जाणार?"

"विलंबाच्या प्रकरणात नाही. दोन्ही बाजू थोड्याथोड्या जबाबदार धरतात."

मी सही केली. बाहेर येताना त्या मास्तरीणबाई दाराशी भेटल्या. त्या पाच जिंकून बाहेर पडल्या होत्या आणि नुसतं बघायला आल्या होत्या. "अहो, तुमचं टेबल कुठलं?" म्हणाल्या, "तुमच्या मागे उभी राहते." मी म्हटलं, मी निघाले. त्यांनी कारण विचारलं नाही, माझ्या हातातली पिशवी धरून बसथांब्यापर्यंत आल्या आणि सबंध वेळ आपण पाचव्या राउंडला कशा मूर्खासारख्या हरलो ते सांगत राहिल्या.

बस सुटली तेव्हा मला हलकं वाटलं. साधारण वीस मिनिटं. मग पुन्हा तेच, पाय एका जागी राहीनात. शेजारच्या बाई दोनदा म्हणाल्या, खिडकीशी बसायचंय का तुम्हाला.

भुंग्या, दोन नव्हे. नियमपुस्तक मला पाठ आहे. दोनपर्यंत विलंब आणि त्यापुढे फसवणूक, आणि फसवणुकीला कायमची बंदी. सही करताना तो आकडा माझ्या हाताने नाही, त्या नियमाने लिहिला. मी एक म्हटलं, मग दोन म्हटलं, प्रत्येक वेळी वाटलं की आता खरं बोलले.

तीन. तू पत्ता उचललास त्याच क्षणी मला दिसलं. दोन कव्हरांच्या कडा तुझ्या अंगठ्याखाली वेगवेगळ्या चमकल्या. तू गुणगुणत होतास, तुझा हात चांगला असला की गुणगुणतोस तसा. मग तू थांबलास. तुला काहीतरी जड लागलं असावं, कारण तू हातातल्या पत्त्यांकडे खाली बघितलंस. अजून एक सेकंद, आणि तू मोजले असतेस.

तेव्हा मी तुला विचारलं, "आईच्या डोळ्याचं काय म्हणाले डॉक्टर?"

तू मान वर केलीस. पत्ते टेबलावर पालथे ठेवलेस, आणि सगळं सांगितलंस. मोतीबिंदू उजव्या डोळ्यात जास्त आहे, ऑपरेशन दोन महिन्यांनी करू म्हणतात, तिला भीती वाटतेय पण ती कबूल करत नाही, त्या दिवशी तू सुट्टी काढणार आहेस. "तूही ये, ताई," म्हणालास, "तिला तू असलीस की बरं वाटतं." मी मान हलवत होते आणि तुझ्या पालथ्या पत्त्यांकडे बघत होते. मग तू खेळलास. मला उत्तर नको होतं. तू मोजू नयेस एवढंच हवं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी आपण दोघं आळीपाळीने गेलो, समोरासमोर येऊ नये म्हणून. तिने पट्टी काढल्यावर पहिल्यांदा विचारलं, तो कुठे आहे.

नियमपुस्तकात यावर एक कलम आहे, तुलाही पाठ असेल. समोरच्याचं लक्ष मुद्दाम दुसरीकडे वळवलं गेलं असेल तर त्याच्या नावावर कुठलाच शेरा राहत नाही. तो पुसला जातो, सौम्य होत नाही. म्हणजे मी आज सकाळी खोक्यावर बसून तुझा अर्धा शेरा तुझ्याच नावावर ठेवून आले, स्वतःसाठी एका वर्षाची बंदी वाचवून. आणि त्यालाच कबुली म्हणाले.

तू विचारलं होतंस, कधी दिसलं होतं. हे उत्तर. तुला मला कार्ड लिहावंसं वाटणार नाही, ते ठीक आहे. आईच्या गोळ्यांची यादी तिच्याकडूनच घेईन.

समोरच्या सीटच्या पाठीवर वही टेकवून लिहितेय. मुख्य पंचांचा नंबर फॉर्मच्या प्रतीवर छापलाय. आज त्या स्पर्धेत असतील.

उद्या: लॅबला जाण्याआधी त्यांना फोन. 'दोन'च्या जागी 'तीन', आणि आईच्या डोळ्याचा प्रश्न शब्दशः.